दीनानाथ सरांचा पेशंट

वारज्याला सरांकडे जायचं होतं, म्हणून सकाळी मंडईत जाऊन आंबे घेतले. आंबेवाल्याला म्हटलं, आज खायचे दे. तो म्हणाला, "संध्याकाळी खा. दुपारी कापलेत तर आंबट लागतील आणि मला नावं ठेवाल." आंब्यांची पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, शेजारी कागदांची फाइल ठेवली आणि कर्वे रस्त्याने निघाले. मे महिना होता. दोन हजार तीन साल.

दिवे गेलेत, ते येईपर्यंत सांगते. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला उगाच वाटतं की बाई घाबरली असेल, आणि मी घाबरट नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. माझ्या हाताखाली माणसं रोज शुद्ध घालवतात, श्वास घ्यायचं थांबतात, आणि त्यांच्या वाटचा श्वास मी घेते. ज्या कामात हात थरथरून चालत नाही ते काम मी आयुष्यभर केलं आहे. तेव्हा जे सांगते आहे ते जसं घडलं तसंच सांगते आहे, असं धरून चाला.

त्या वर्षी एक चर्चा निघाली होती. आपल्याकडे मृत्युदंड फाशीनेच देतात. कायद्यातले शब्दच आहेत, मृत्यू येईपर्यंत गळ्याने लटकवावे. ही पद्धत घटनेत बसते असं सुप्रीम कोर्टाने पूर्वी सांगितलेलं होतं. पण आता पुन्हा मतं मागवली जात होती. फाशीऐवजी इंजेक्शन का देऊ नये? त्यावर आम्ही काही डॉक्टरांनी मिळून एक निवेदन करायचं ठरवलं. ते मी लिहिलं. आधी झोपेचं औषध, मग स्नायू लुळे करणारं, मग हृदय थांबवणारं. यांतलं पहिलं आणि दुसरं मी रोज हाताळते, तिसरं ऑपरेशन थिएटरच्या कपाटात असतंच. योग्य मात्रेत दिल्यास वेदना होणार नाहीत, असं मी ठासून लिहिलं होतं. वाक्य चांगलं जमलं होतं. मला ते आवडलंही होतं.

माझी शाळेपासूनची मैत्रीण मेहरुन बागवान फौजदारी वकील. आदल्या संध्याकाळी तिच्या गंज पेठेतल्या घरी तिला ते वाचायला दिलं. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. शाळेत निबंधाला तुलाच बक्षीस मिळायचं."

"पटलं की नाही ते सांग."

"नीरजा, फास दिसतो. दिसतो म्हणून निकाल लिहिताना न्यायाधीशाचा हात अडखळतो. उद्या सुई आली की म्हणतील, एवढं काय, इंजेक्शनच तर आहे."

"म्हणजे कोर्टाने विचार करावा म्हणून माणसाने जास्त हाल सोसावेत? हे पटतं तुला?"

"नाही पटत. म्हणून तर मला मुळात ही शिक्षाच नको आहे."

"ते तू कोर्टात सांग. मला वेदनेचं विचारलंय, आणि वेदनेतलं मला कळतं."

ती चहाचे कप उचलून आत गेली. मेहरुन वाद अर्धवट सोडते तेव्हा ती हरलेली नसते, हे मला माहीत होतं.

निवेदनावर पहिली सही दीनानाथ पानसे सरांची घ्यायची होती. मी शिकत असताना सर आम्हाला न्यायवैद्यक शिकवायला येत. त्याआधी बरीच वर्षं ते तुरुंगाचे डॉक्टर होते. फाशीच्या वेळी हजर राहून, मृत्यू झाला असं लिहून देणं हे त्यांच्या कामात होतं. हिवाळ्यात त्यांनी डॉक्टरांच्या एका मासिकात लेख लिहिला होता, फाशी बंद करा आणि इंजेक्शन आणा म्हणून. सगळी चर्चा आमच्यात सुरू झाली ती त्या लेखावरून. तेव्हा सही मिळणार यात शंका नव्हती. दहा मिनिटांचं काम, मग जेवण, मग घरी.

तेव्हाचं वारजं म्हणजे आजचं नव्हे. हायवेच्या अलीकडे इमारती उभ्या राहत होत्या, पण सरांचा बंगला कालव्याच्या अंगाला होता. एका बाजूला पडीक शेत, दुसऱ्या बाजूला कुणीतरी प्लॉट पाडून ठेवलेले आणि त्यात बाभळी. बंगला साधा, दगडी जोत्याचा, पुढे जाळीचा व्हरांडा. पुढची खोली त्यांचा दवाखाना होता. पाटी केव्हाच काढली होती, पण टेबल, वेताची खुर्ची आणि तपासायची लोखंडी कॉट तशीच होती.

फाटक सरुबाईंनी उघडलं. सरांची पत्नी गेल्यापासून स्वयंपाकपाणी त्याच बघत. गावातल्याच.

"बरं झालं आलासा," त्या हळूच म्हणाल्या. "सर जेवत न्हाईत नीट. दुपारी पेशंट येतो ना, तवापासनं."

"सर अजून पेशंट बघतात?"

"एकच हाय. रोज येतो. बोलत न्हाई काय. म्या पानी द्याया गेले तर पेला तसाच." त्यांनी आंब्याची पिशवी घेतली. "फाटक म्या तर उघडत न्हाई त्याला. कुठनं येतो कुनास ठावं."

कालव्याकडचं कुंपण पडलं असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

सर मला पाहून उठले. मला धक्का बसला. सहा फुटी माणूस, पण सदरा खुंटीला लटकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. मी पाया पडले, इकडचं तिकडचं बोलले, आणि फाइल पुढे केली. सरांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं. पेन मी उघडूनच दिलं होतं. ते त्यांनी टोपण लावून परत केलं.

"सही नाही करणार."

"सर, तुमच्याच लेखावरून लिहिलंय."

"ठाऊक आहे मला."

मग ते उठून खिडकीशी गेले. बाहेर ऊन पांढरंफेक होतं. तिथून म्हणाले, "नीरजा, फाशीत डॉक्टरचं काम काय असतं, तुम्हाला वर्गात सांगितलं होतं का मी?"

"मृत्यू झाल्याची खात्री करणं."

"हं. वर फळी पडते, तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. मग मी खाली जातो. स्टेथोस्कोप लावतो. छाती चालू असते, नीरजा. मान तुटलेली असते, पण ते चालूच असतं. मिनिटं जातात. तिथे मी आणि तो, दोघंच. मी आणि ते ठोके. थांबायची वाट बघत उभा राहिलेला जगातला एकच डॉक्टर मी, असं वाटायचं. दुसऱ्या कुठल्याही खोलीत आपण ते सुरू राहावं म्हणून धडपडतो." त्यांनी घसा साफ केला. "म्हणून लिहिला तो लेख. पुढे कुणा डॉक्टरला असं उभं राहायला लागू नये म्हणून."

"मग हरकत काय आहे?"

"लेख छापून आला, त्या आठवड्यापासून तो येतोय."

"कोण?"

सरांनी वेताच्या खुर्चीकडे नुसतं बोट केलं. "पहिल्यांदा वाटलं, फाशी गेलेल्यांपैकी कुणीतरी असेल. मी सगळ्यांचे चेहरे आठवून पाहिले. एकही विसरलेलो नाही मी. हा त्यांतला नाही. हा माणूस मी जन्मात कधी पाहिलेला नाही. येतो, बसतो, बाही वर करतो. आणि थांबतो."

आता तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. म्हातारा माणूस, एकटा, जेवण तुटलेलं, डोक्यात जुन्या गोष्टी. मी सरळ विचारलं, झोप लागते का, कुठली औषधं चालू आहेत, डोळे कधी तपासलेत. सर हसले. "माझी परीक्षा घेतेस? घे. पण थांब आज दुपारी."

"थांबते," मी म्हटलं. "तो आला तर त्याचं नाव-पत्ता विचारून कुंपणाबाहेर सोडून येते."

जेवणं झाली. सरुबाई मागच्या पडवीत आडव्या झाल्या. सर लोखंडी कॉटवर बसले, मी टेबलाशी. पुण्याची दुपार तुम्हाला वेगळी सांगायला नको. जेवणानंतर हे शहर डोळे मिटतं आणि त्या वेळात दार वाजवणाऱ्याला क्षमा नसते. पण शहरातल्या दुपारीसुद्धा कुठेतरी नळ गळत असतो, रेडिओ लागलेला असतो. इथे तेही नव्हतं. पंखा संथ फिरत होता. कालव्यापलीकडे कोकिळा एकसारखी ओरडत होती, वर वर चढत जाणाऱ्या आवाजात. मी वर्तमानपत्र वाचत होते.

आधी वास आला. स्पिरिटचा. ज्या खोलीत कित्येक वर्षं कापसाचा बोळा उघडला नव्हता तिथे तो इतका ताजा वास आला की माझं नाक गार पडलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मग लक्षात आलं, कोकिळेचा आवाज चढत चढत मध्येच थांबला होता. शेवटचा सूर तिने लावलाच नव्हता.

जाळीच्या दाराला स्प्रिंग होती. मी आत आले तेव्हा ते केवढ्यांदा करकरलं होतं. आता ते करकरलं नाही. मी वर्तमानपत्र खाली केलं, तर खुर्चीत तो बसलेला होता.

एवढंच सांगते की त्याच्यात भुतासारखं काहीही नव्हतं. तिशीच्या आतला मुलगा. नुकती दाढी केलेली, केस बारीक कापलेले. पांढरा सदरा आणि पायजमा, दोन्ही धुतलेले पण इस्त्री नाही. अनवाणी. डाव्या भुवईत एक आडवा जुना व्रण, तेवढ्या जागी केस उगवलेले नव्हते. रुग्णालयाच्या बाकावर नंबर लागायची वाट बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव. उन्हातून आलेला असूनही त्याला घाम नव्हता.

"काय होतंय?" मी विचारलं. आवाज माझा नेहमीचाच निघाला. "नाव काय तुमचं?"

त्याने डाव्या बाहीचं बटण काढलं, ती कोपराच्या वर दुमडली, अगदी व्यवस्थित, घडीवर घडी, आणि हात टेबलावर माझ्यापुढे उताणा ठेवला.

मी मनगट धरलं. प्रेताचं मनगट मी ओळखते. हे तसं नव्हतं. कोमट होतं. नाडी चालू होती, भरलेली, नियमित, तरुण माणसाची. आणि तेव्हा मात्र माझ्या पाठीतून काहीतरी सरकलं. तो मेलेला असता तर मला एवढं वाटलं नसतं. तो जिवंत होता. ज्याला सर भूत समजत होते, तो अजून मेलेलाच नव्हता.

सर कॉटवरून कुजबुजले, "कळलं...? हा आधीचा नाही. हा... पुढचा आहे."

माझी बोटं त्याच्या कोपराच्या खळगीत गेली होती. मी नेली नव्हती. इतक्या वर्षांची सवय, उताणा हात दिसला की बोटं शीर शोधतात. शीर छान होती. ठसठशीत, सरळ, पहिल्या फटक्यात सापडेल अशी. चांगली शीर मिळाली की आम्हाला एक बारीक आनंद होतो. तो मला झाला. खोटं सांगत नाही, त्या क्षणीसुद्धा झाला.

टेबलावर, वर्तमानपत्राच्या पलीकडे, एक स्टीलचा ट्रे होता. तो मघाशी नव्हता. त्यात तीन सिरिंज भरून ठेवलेल्या होत्या, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने द्यायच्या त्या क्रमाने. प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर औषधाचं नाव. अक्षर माझं होतं. मी 'थ' लिहिताना वरची गाठ उघडी ठेवते. ती तशीच उघडी होती.

"दुखणार नाही ना?" तो म्हणाला.

आवाज साधा होता. हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलेला आहे. बाळंतिणींनी, पैलवानांनी, एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने, जो विचारून झाल्यावर लाजला होता. आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. नाही दुखणार. मी इथेच आहे. झालं की मी उठवते तुम्हाला.

मी तोंड उघडलं. पहिली दोन वाक्यं ओठावर होती. तिसरं वाक्य कुठून आणायचं ते मला कळेना.

त्याने ट्रेकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि... दुखलंच, तर मला सांगता येईल?"

स्पिरिटचा वास आता घशात उतरला होता. पंखा फिरत होता, पण वारा येत नव्हता. मी त्या दुसऱ्या सिरिंजकडे पाहत होते. स्नायू लुळे करणारं औषध. ते झोप आणत नाही. ते वेदना घालवत नाही. ते फक्त माणसाला स्तब्ध करतं. पापणीसुद्धा हलत नाही. पहिलं औषध कमी पडलं, शिरेबाहेर गेलं, लवकर उतरलं, तर आत तो जागा राहील, सगळं भोगेल, आणि बघणाऱ्यांना वाटेल की किती शांतपणे गेला. थिएटरात मी डोक्याशी बसलेली असते ती त्याचसाठी. नाडी वाढली, डोळ्यात पाणी आलं, की मला कळतं. त्या खोलीत डोक्याशी कोण बसणार होतं? आणि बसलं, तरी काय करणार होतं? हे सगळं मला निवेदन लिहितानाही माहीत होतं. 'योग्य मात्रेत' हे दोन शब्द घालून मी त्यावरून पुढे गेले होते.

"नाही," मी म्हटलं. "सांगता येणार नाही."

त्याने मान हलवली, जणू त्याला फक्त एवढं खरं ऐकायचं होतं. हात मात्र तसाच ठेवला. तो वाट बघत होता. आणि मला सांगायला हवं, ट्रेमधली पहिली सिरिंज मघापेक्षा माझ्या हाताला जवळ आली होती. मी तिला सरकताना पाहिलं नाही. पण जवळ आली होती.

"नीरजा..." सर म्हणाले. "हात मागे घे."

मी हात मागे घेतला नाही. मी त्याची बाही धरली. एकेक घडी उलगडत ती मनगटापर्यंत खाली आणली आणि बटण लावलं. घट्ट होतं, नव्या सदऱ्याचं असतं तसं. दोन्ही हातांनी लावावं लागलं.

"उठा," मी म्हटलं. "तुम्ही काय केलंय, करणार आहात, मला ठाऊक नाही. त्याचा न्याय करणारे दुसरे आहेत. मी उठवण्यासाठी झोपवते. मी हे देणार नाही."

तो उठला नाही. त्याने सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले होते, कॉटचा दांडा धरून. मग ते म्हणाले, "मी पण... मी पण नाही. माझी चूक झाली रे बाळा. मला ठोके ऐकायचे नव्हते, म्हणून मी तुझी सोय बघितली असं समजत होतो. सोय माझी होती."

तो उठला. कसा गेला ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही, आणि आम्ही डोळे मिटले नव्हते. कालव्यापलीकडे कोकिळेने राहिलेला सूर लावला. ट्रे नव्हता. वेताची खुर्ची मात्र, कुणी उठून गेल्यावर करते तशी, हळूहळू करकरत मोकळी होत होती.

मागून सरुबाई डोळे चोळत आल्या. "आज लौकर गेला जनू त्यो," म्हणाल्या. "चा टाकू का?"

"टाका," सर म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले, म्हणजे रात्री. सरुबाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो पुन्हा कधी आला नाही. सर पुढे काही वर्षं व्यवस्थित जगले आणि झोपेत गेले.

मी गाडीत बसले तेव्हा हात कापत नव्हते. हे मी स्वतः पाहिलं, स्टिअरिंगवर ठेवून. रागाने मात्र अंग तापलं होतं, आणि तो राग त्या पोरावर नव्हता. सरळ मेहरुनकडे गेले. दारातच तिला म्हटलं, "निवेदन बदलतेय."

"कुणी समजावलं?"

"एका पेशंटने."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. वकील असूनही. तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी नवीन मजकूर लिहिला. फाशी चांगली की सुई चांगली, यात मी गेलेच नाही. एवढंच लिहिलं, की हे काम करायला डॉक्टरचा हात लागतो आणि डॉक्टरचा हात या कामासाठी नाही. आणि ज्याला ओरडता येत नाही त्याला दुखत नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस एकतर अज्ञानी आहे किंवा त्याला ते ऐकायचं नाही. मेहरुन वाचून म्हणाली, "अर्धंच म्हणतेयस."

"माझ्या वाटचं अर्धं म्हणतेय. उरलेलं तू म्हण."

पुढच्या महिन्यात त्या विषयावर एक सभा झाली. वकील होते, डॉक्टर होते, निवृत्त अधिकारी होते. एका गृहस्थांनी उठून विचारलं, "म्हणजे बाई, आपल्याला दोरखंडच पसंत आहे तर?"

मी म्हटलं, "माणूस मारायचा सुबक मार्ग आपण मला विचारताय. मी वेगळ्या दुकानात काम करते."

लोक हसले. ते गृहस्थ बसले. आमच्यापैकी काही डॉक्टरांनी जुन्याच निवेदनावर सह्या करून पाठवलं, माझ्या वाक्यांसकट; त्यांना ती आवडली होती. मी त्यांना थांबवू शकले नाही. पण माझं नाव त्यावर नव्हतं, सरांचं नव्हतं, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी त्या दुसऱ्या औषधाबद्दल पहिल्या दिवशी बसवून सांगत आले आहे. त्या दुपारीबद्दल मला भीती उरली नाही. एक काम माझ्यापुढे आलं होतं आणि मी ते नाकारलं. असं मी धरून चालले, आणि मजेत चालले.

आता दुसरं सांगते, आणि मग संपलं.

इतक्या वर्षांनी तो प्रश्न पुन्हा वर आला आहे. फाशीची पद्धत बदलावी का, म्हणून कोर्टात पुन्हा वाद सुरू झाला. त्याच सुमारास एका सकाळी माझ्याकडे अपेंडिक्सची केस आली. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरीला लागलेला मुलगा, श्रीनिवास नावाचा. बरोबर दोन रूम पार्टनर, घरचे लातूरकडून निघालेले. मुलगा गोड होता. पोटात एवढं दुखत असताना "सॉरी हं मॅडम, तुम्हाला सकाळी सकाळी त्रास" म्हणाला.

मी त्याच्यावर वाकले आणि डावी भुवई पाहिली.

व्रण होता तिथेच, आडवा. विचारलं, तर म्हणाला, लहानपणी सायकलवरून पडलो. चेहरा तोच. फक्त मी पाहिला होता त्याहून चार-पाच वर्षांनी लहान.

मी काय करायला हवं होतं? दुसऱ्या कुणाला बोलवायचं? त्याला काही सांगायचं? काय सांगायचं? समोर पेशंट होता, अपेंडिक्स फुटायला आलं होतं. हात उताणा केला, शीर मला पाठ होती. त्याने विचारलं, "दुखणार नाही ना, मॅडम?" आणि मी ठरलेलं उत्तर पूर्ण दिलं, तिन्ही वाक्यं. तास-सव्वा तास मी त्याच्या डोक्याशी बसून होते. दुसऱ्या कुणालाही मी तिथे बसू दिलं नाही. सगळं उत्तम झालं. मी त्याला उठवलं. नाव घेऊन हाक मारली, त्याने डोळे उघडले, आणि माझ्या मनात आलं, झालं ना, जे व्हायचं ते असं झालं. हा जागा झाला. संपलं.

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मॅडम... ते साहेब गेले का?"

"कोण साहेब?"

"आता इथे होते ते... खाकीतले. विचारत होते मला." शब्द जड येत होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. "घरचं कुणी पोचलं नाही, तर शेवटी जवळ कोण हवंय म्हणून... मी तुमचं नाव सांगितलं. चालेल ना?"

भुलेतून उठताना माणसं बरळतात. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. जे म्हणतील त्याला हो म्हणतो, म्हणजे ती शांत होतात. इतक्या वर्षांची सवय. कपाळावर हात ठेवून मी म्हणूनही गेले होते, "हो रे, चालेल."